वकिलीचे शिक्षण : कॉलेज निवडण्याआधी न्यायालय निवडा

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले, की रविवारच्या मिस्सानंतर आमच्या कार्यालयाच्या दाराशी पालकांची वर्दळ सुरू होते. कोणाला शिफारसपत्र हवे असते, कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, तर कोणाला केवळ सल्ला हवा असतो. अलीकडे या सल्ल्याच्या विषयांत कायद्याच्या शिक्षणाची भर पडली आहे. पूर्वी आपल्या समाजातील मुले शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी होत; पुढे इंजिनिअर होऊ लागली. वकिलीकडे आपण बराच काळ काहीशा संशयाने पाहत आलो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या वाड्यांतून अजूनही ऐकू येते. ज्यांच्यावर ती पायरी चढण्याची वेळ आली आणि सोबत ओळखीचा वकील नव्हता, त्यांना या म्हणीचा किती उपयोग झाला, हे त्यांनाच विचारावे.

असेच एक कुटुंब आमच्याकडे आले होते. मुलगी बारावी वाणिज्य शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. वडिलांच्या हातात एका दूरच्या राज्यातील खाजगी विद्यापीठाची गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका. पाच वर्षांचे शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ मिळून अठरा लाखांच्या घरात खर्च जाणार होता. त्यासाठी घरामागची पाच गुंठे जागा विकण्याचे वडिलांनी जवळजवळ ठरवले होते. दलालाशी बोलणेही झाले होते. पुस्तिकेच्या एका पानावर ठळक अक्षरांत ‘नव्वद टक्के विद्यार्थ्यांना नोकरी’ असे छापले होते. ते पान उघडून वडील म्हणाले, “फादर, बाकी आम्हाला काय कळत नाय. तुम्ही एवढंच सांगा, पोरीला नोकरी लागेल ना?”

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. सेमिनरीत आम्ही कॅनन लॉ शिकलो. परंतु ख्रिस्तसभेचा कायदा वेगळा आणि देशाचा कायदा वेगळा. म्हणून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि परिचयातील काही वकील मंडळींशी बोललो. त्या चौकशीतून आणि वाचनातून जे हाती आले, ते इतर पालकांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. मोठ्या कॉलेजातून उत्तीर्ण झालेल्याला मोठी सनद मिळते आणि लहान कॉलेजातल्याला लहान, असे काही नसते. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार मान्यताप्राप्त कॉलेजातून पदवी घेतलेला प्रत्येक जण राज्याच्या वकील परिषदेकडे नाव नोंदवू शकतो. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांची मिळून एकच परिषद आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा २०१० साली ठरवण्यात आली, आणि भारतीय वकील परिषदेला ती घेण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केले. ती उत्तीर्ण झाली, की राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पदवीधर आणि तालुक्याच्या कॉलेजातला पदवीधर एकाच काळ्या कोटात, एकाच न्यायाधीशासमोर उभे राहतात. नोंदणीसाठी राज्योराज्यींच्या परिषदा पूर्वी हजारो रुपये घेत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांहून (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांहून) अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही.

सनद जर एकच, तर कॉलेजाकॉलेजांत फरक कसला? फरक पदवीनंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत दिसतो. आपल्याला कोण ओळखते, कोणत्या न्यायालयाच्या आवारात आपली ये-जा झाली आहे, कोणत्या भाषेतले कागद वाचण्याची सवय आहे, आणि कमाई नसताना राहण्याची सोय कोठे आहे, यांवर ही वर्षे अवलंबून असतात. या सर्व गोष्टी प्रदेशाशी बांधलेल्या आहेत. डॉक्टर किंवा इंजिनिअर एका शहरात शिकून दुसऱ्या शहरात सहज कामाला लागतो. न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाचे तसे नसते.

कायद्याच्या पदवीनंतरची कामे ढोबळमानाने तीन दिशांना जातात, आणि तिन्ही दिशांचे हिशेब निरनिराळे आहेत.

पहिली दिशा मोठ्या लॉ फर्म आणि कंपन्यांची. गलेलठ्ठ पगाराच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्या येथल्या. या फर्म कॉलेजात येऊन विद्यार्थी निवडतात खऱ्या, परंतु मोजक्याच कॉलेजांत जातात. बंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ १९८० च्या दशकात सुरू झाले. त्याच्या धर्तीवर पुढे अनेक राज्यांत तशी विद्यापीठे निघाली, आणि या फर्मचा मुख्य ओढा त्यांच्याकडे असतो. महाराष्ट्रात अशी तीन आहेत : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. त्यांत प्रवेश क्लॅट या देशपातळीवरील परीक्षेने मिळतो. ही परीक्षा २००८ साली सुरू झाली. आता ती आदल्या वर्षीच्या डिसेंबरात होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेपूर्वीच. पुष्कळ पालकांना हे निकालानंतर कळते, तेव्हा ते वर्ष हातचे गेलेले असते. या विद्यापीठांचे शुल्कही वर्षाला लाखांत असते. महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी तेथे काही जागा राखीव असतात, हे मात्र क्लॅटचा अर्ज भरताना विसरू नये.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या बाहेरचीही काही जुनी कॉलेजे या वर्तुळात आपले स्थान टिकवून आहेत. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये त्याचे प्राचार्य झाले होते. पुण्याचे आय. एल. एस. लॉ कॉलेज १९२४ चे. शासकीय महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क काही हजारांत भागते. तेथे प्रवेश मिळणे कठीण आहे, पण तो मिळू शकणारा विद्यार्थी लाखो रुपयांच्या पुस्तिका चाळत बसलेला आम्ही पाहतो, तेव्हा वाईट वाटते.

दुसरी दिशा न्यायालयाची. आपल्या मुलामुलींपैकी बहुसंख्य जण शेवटी येथेच येतात, आणि पुस्तिकांत नेमके हिच्याविषयी काहीच नसते. न्यायालयातील वकिलीला ‘प्लेसमेंट’ नसते. नवा वकील एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे ज्युनिअर म्हणून लागतो. तारखा सांभाळतो, नकला काढतो, दाव्यांचे मसुदे लिहितो, आणि हळूहळू स्वतः उभा राहू लागतो. पहिली दोन-तीन वर्षे मिळणारा मोबदला पुष्कळदा प्रवासखर्चापुरता असतो. शहरांत ज्युनिअरला किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी सूचना भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. तिच्या भरवशावर घरखर्चाचा हिशेब मांडू नये.

म्हणूनच या दिशेला जाणाऱ्याने कॉलेजच्या आधी न्यायालय ठरवावे, असे आम्हांस वाटते. ज्या न्यायालयात पुढे काम करावयाचे, त्याच्या आसपास शिकलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षांत तेथले वकील ओळखू लागतात. कॉलेजचे वर्ग सकाळी असतील, तर दुपारी एखाद्या वकिलाच्या कार्यालयात बसता येते. शासकीय विधी महाविद्यालय चर्चगेटला आहे. तेथून उच्च न्यायालय पायी जाण्याच्या अंतरावर. वसईच्या मुलाने पहाटेची लोकल पकडून सकाळचे तास केले आणि उरलेला दिवस फोर्टमधल्या एखाद्या चेंबरमध्ये घालवला, तर पदवी हाती येईपर्यंत त्याचे अर्धे शिक्षण तेथेच झालेले असते. दूरच्या राज्यातील विद्यापीठाच्या रम्य आवारात राहिलेली मुलगी परत येते, तेव्हा तिला अभिरूप न्यायालयातील बक्षिसे मिळालेली असतात, पण वसईच्या बाररूममध्ये तिला ओळखणारा एकही नसतो.

भाषेचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांच्या कामकाजाची भाषा मराठी असावी, असे राज्य शासनाने १९९८ मध्येच अधिसूचित केले. तालुका न्यायालयात येणारे कागद तर मराठीच असतात : सातबारा, फेरफार, कुळकायद्याखालील आदेश, बक्षीसपत्रे, वारस नोंदी. वसईतल्या कित्येक घरांच्या पेट्यांत मोडी लिपीतले जुने दस्तऐवज अजून पडून आहेत. केवळ इंग्रजीतून शिकलेला, मराठी दावा लिहिताना अडखळणारा तरुण वकील आम्ही पाहिला आहे. त्याच्या हुशारीत काहीच उणे नव्हते. उलट, राज्याची कायद्याची सामाईक प्रवेश परीक्षा इंग्रजीबरोबर मराठीतूनही देता येते, हे आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना ठाऊक नसते आणि ती उगाच माघार घेतात. त्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, क्लॅटमध्ये होतात. हेही त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

तिसरी दिशा सरकारी सेवेची, जिच्याकडे आपल्या समाजाचे लक्ष फार कमी आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी या पदांची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. सहायक सरकारी अभियोक्ता, राष्ट्रीयीकृत बँकांतील विधी अधिकारी, लष्कराचा जज अ‍ॅडव्होकेट जनरल विभाग, या सर्वांची दारे परीक्षेने अथवा निवडीने उघडतात. तेथे कॉलेजचे नाव दुय्यम आहे. मात्र गुण दुय्यम नाहीत. कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यास खुल्या गटात ४५ टक्के पुरतात, पण लष्कराच्या त्या विभागासाठी पदवीला किमान ५५ टक्के लागतात. ‘पास झालो म्हणजे पुरे’ असे म्हणणाऱ्यांसाठी ते दार तेथेच बंद होते. बँकेतील विधी अधिकाऱ्याच्या पदालाही वकील परिषदेत नाव नोंदवलेले असावे लागते. तेव्हा ‘मला कोर्टात जायचेच नाही, सनद कशाला?’ असे म्हणून नोंदणी टाळणे शहाणपणाचे नाही.

न्यायाधीशपदाच्या बाबतीत एक मोठा बदल झाला, तो पालकांनी नीट समजून घ्यावा. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसण्यापूर्वी उमेदवाराने किमान तीन वर्षे वकिली केलेली असावी. त्याआधी नव्या पदवीधरालाही वाट मोकळी होती. भरतीची जाहिरात निघते, तेव्हा तिच्यातील अट प्रत्येकाने स्वतः वाचावीच. परंतु न्यायालयाने दाखवलेला रोख स्पष्ट आहे. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्या मुलीनेही तीन वर्षे कोठल्या तरी न्यायालयात, अल्प मिळकतीवर, नेटाने काढावीत. ही तीन वर्षे स्वतःच्या घरी राहून काढता आली, तर कुटुंबावर भार पडत नाही. शिक्षणासाठी जागा विकून झाली असेल आणि डोक्यावर कर्जाचे हप्ते असतील, तर तीच वर्षे असह्य होतात, आणि मग मूल मिळेल ती नोकरी धरून न्यायालयापासून दूर जाते. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच घडते. लग्नाचा विषय त्याच वयात निघतो.

आता त्या ‘नव्वद टक्क्यां’विषयी. ही संख्या खोटी असतेच असे नाही. ती कशी काढली आहे, हे पाहावे लागते. समजा, एका कॉलेजातून १२० विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांपैकी केवळ ३० जणांनी प्लेसमेंट कक्षाकडे नाव दिले आणि २७ जणांना काम मिळाले. कॉलेज म्हणते, नव्वद टक्के. १२० पैकी २७ म्हणजे पुरता चौथा हिस्साही नव्हे. उरलेले ९३ कोठे आहेत, हा खरा प्रश्न. तसेच ‘सर्वाधिक पगार’ एकाच विद्यार्थ्याचा असतो. सर्वांना पगाराच्या क्रमाने उभे केले, तर बरोबर मध्ये उभा असलेल्याला किती मिळते, हे विचारावे. नोकरी म्हणजे वकिलीचेच काम, की लांबलचक करार तपासण्याचे कारकुनी काम, हेही विचारावे. उत्तर देण्यास कॉलेज टाळाटाळ करीत असेल, तर त्यातून पालकांनी काय ते समजून घ्यावे.

आमच्या मते, याहून भरवशाची चौकशी निराळी आहे, आणि तिला खर्चही नाही. ज्या न्यायालयात मुलाला पुढे काम करावयाचे आहे, तेथे कामकाजाच्या दिवशी एक सकाळ जावे. बाररूममध्ये पाच-सहा तरुण वकिलांना विचारावे : तुम्ही कोठे शिकलात? तुमच्या वर्गातले आज वकिली करणारे किती? इंटर्नशिप कोणी मिळवून दिली, कॉलेजने की तुम्हीच? मग त्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन पाहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचेही नवे कायदे लागू झाले. जुने खटले जुन्या कायद्याने चालू असल्यामुळे वकिलाला काही वर्षे दोन्ही शिकावे लागणार. ग्रंथालयात नवे कायदे आले आहेत का, आणि ते शिकवणारे प्राध्यापक कायम आहेत की तासिका तत्त्वावर आज एक, उद्या दुसरा, हे पाहिले म्हणजे पुस्तिकेची फारशी गरज उरत नाही.

मान्यतेची खात्री मात्र कागदोपत्रीच करावी. विद्यापीठाशी संलग्नता असणे पुरेसे नाही. भारतीय वकील परिषदेची मान्यता चालू असावी लागते, अन्यथा पदवी मिळूनही सनदेला अडथळा येतो. घरबसल्या पत्रद्वारे मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. परिषदेच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी सांगितलेली आहे; ‘नाव घाला, परीक्षेला या’ असे सांगणाऱ्या कॉलेजापासून सावध राहावे. देशभरात कायद्याची कॉलेजे इतकी वाढली, की ऑगस्ट २०२५ मध्ये परिषदेने नव्या कॉलेजांना तीन वर्षे बंदी घातली. परिषदेलाच दर्जाची इतकी काळजी वाटत असेल, तर पालकांनी डोळे मिटून प्रवेश का घ्यावा?

आमचे वाचक केवळ वसईत नाहीत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील बांधवांसाठी तर परिस्थिती अलीकडेच बदलली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर कोकणातील हे दोन जिल्हेही त्याच्या कक्षेत आले. सावंतवाडी-मालवणच्या मुलाने उच्च न्यायालयाची वकिली म्हणजे मुंबईच, असे धरून चालण्याचे आता कारण नाही. रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर कॉलेज किंवा कोल्हापूरचे शहाजी लॉ कॉलेज यांचा विचार त्याने नव्या दृष्टीने करावा. नवे न्यायपीठ जेथे सुरू होते, तेथे ज्युनिअरांची गरज निर्माण होते. हाच न्याय मराठवाड्यातील आणि विदर्भातील मुलांना लागू आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे उच्च न्यायालयाची खंडपीठे कितीतरी वर्षे आहेत.

गोव्याची गोष्ट तर अगदीच स्वतंत्र. तेथे विवाह, वारसा आणि कुटुंबाची मालमत्ता या बाबतींत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. वारसाहक्काविषयी गोवा विधानसभेने २०१२ साली स्वतंत्र कायदा केला, त्याचाही पाया तोच. पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, आणि मुलांचा वाटा मृत्युपत्रानेही हिरावून घेता येत नाही, असे हे सर्वसाधारण सूत्र. गोव्यात वकिली करू इच्छिणाऱ्याने हे मिरामारच्या साळगावकर कॉलेजात किंवा मडगावच्या कारे कॉलेजात शिकावे हे उत्तम. दिल्लीहून कितीही मोठी पदवी आणली, तरी म्हापशाच्या न्यायालयातील वाटणीच्या दाव्यापुढे ती नवखीच ठरते.

काही पालक विचारतात, “फादर, आपल्या मिशनरी संस्थेचं कॉलेज बरं नाही का?” बंगळुरूला येशूसंघीयांचे सेंट जोसेफ्स कॉलेज ऑफ लॉ आहे, सी.एम.आय. संघाच्या ख्राइस्ट विद्यापीठातही कायद्याचा विभाग आहे. दोन्ही ठिकाणी शिस्त आणि शिक्षण चांगले, आणि ज्यांना बंगळुरूत राहावयाचे आहे त्यांनी जरूर जावे. परंतु संस्था आपली आहे, एवढ्याच कारणाने वसईच्या मुलाने तेथे जावे, असे आम्ही धर्मगुरू असूनही म्हणणार नाही.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा घेतो, कारण नोकरीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. आपल्या समाजात कायद्याचे काम कमी नाही. ते समजणारे वकील कमी आहेत. चर्चच्या न्यायासनाने विवाह शून्य ठरवला, म्हणजे देशाच्या कायद्यानेही तो संपला, अशी पुष्कळांची समजूत असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले, की तसे नाही. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा घ्यावाच लागतो. हे वेळीच न कळल्याने दुसरा विवाह अडचणीत आलेली माणसे आमच्यासमोर बसून रडली आहेत. वारसाहक्काचेही तसेच. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पिता वारला, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना समान, मग तो मुलगा असो वा मुलगी. असे असता बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची घाई कोठे कोठे चालते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्याच कायद्याचे कलम ११८, जे ख्रिस्ती माणसाच्या धर्मादाय मृत्युपत्रावर बंधने घालत होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केले. त्या प्रकरणी दाद मागणाऱ्यांत केरळमधील एक कॅथलिक धर्मगुरू होते. हे सर्व जाणणारी, मराठीत समजावून सांगणारी आणि आपल्याच गावात कार्यालय थाटणारी तरुण वकील असेल, तर तिला कामाची उणीव भासेल असे आम्हांस वाटत नाही. लॉ फर्मचा पगार पहिल्या वर्षी तिला मिळणार नाही, हे मात्र मान्य.

आठ दिवसांनी ते कुटुंब पुन्हा आले, तेव्हा आम्ही यांतले बरेचसे त्यांना सांगितले. मुलीला आम्ही एकच विचारले : “बाळा, तुला ऑफिसात बसून काम करायचं आहे, की कोर्टात उभं राहायचं आहे?” वडील उत्तर देऊ लागले, तेव्हा आईने त्यांना थांबवले. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “कोर्टात, फादर. आजीच्या जमिनीच्या तारखांना मी तिच्यासोबत जायचे.” घरातल्या कोणालाही हे कारण ठाऊक नव्हते, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसले.

दुसऱ्या सोमवारी बाप-लेक वसई न्यायालयात जाऊन आले. राज्याच्या प्रवेश परीक्षेची तारीख त्या वर्षापुरती उलटून गेली होती. म्हणून एक वर्ष घरी राहून तयारी करावी, की बी.कॉम. पूर्ण करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, यावर घरात चर्चा झाली. मुलीने पहिला मार्ग धरला. सध्या ती रोज सकाळी अभ्यास करते, आणि आठवड्यातून तीन दुपारी एका महिला वकिलांच्या कार्यालयात फाइली लावण्यास जाते. पुढील प्रवेशाच्या पसंतीक्रमात पहिले नाव चर्चगेटचे आणि त्याखाली ठाणे-मुंबईतील, घरून ये-जा करता येईल अशी चार कॉलेजे तिने लिहून ठेवली आहेत. दलालाला वडिलांनी नकार कळवला. त्या पाच गुंठ्यांत यंदा त्यांनी केळी लावली आहेत.